पेल्यावरचा आकडा

गालांवर फेस होता, वस्तरा नुकताच कानाखाली टेकला होता, आणि तेवढ्यात सलूनवाला म्हणाला, "साहेब, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मी त्यांनाच मत दिलं. आणि तुमच्यामुळे दिलं."

वस्तरा गळ्यापाशी असताना माणूस मान वळवत नाही. त्यानेही वळवली नाही. समोरच्या आरशात स्वतःचा अर्धा पांढरा चेहरा दिसत होता आणि आरशाच्या चौकटीभोवती त्याचीच व्यंगचित्रं, वर्तमानपत्रातून कात्रीने नीट कापून चिकटवलेली. सोळा वर्षं तो या खुर्चीत बसत होता आणि तेवढीच वर्षं सलूनवाला ती चिकटवत होता. खालची पिवळी पडून कुरकुरीत झालेली, वरची अजून ताजी. बहुतेक चित्रांत एकच माणूस होता. सुपाएवढे कान, पेंगुळलेले डोळे, शर्टाच्या गुंड्यांची परीक्षा पाहणारं पोट आणि काखेत थर्मास. काल संध्याकाळी निकाल लागला होता आणि पाच वर्षांपूर्वी सत्तेवरून गेलेला तो माणूस आपल्या पक्षासकट परत आला होता, आधीपेक्षा जास्त जागा घेऊन.

"माझ्यामुळे कसं?" त्याने ओठ फारसे न हलवता विचारलं.

"मग काय. मी काही सभाबिभांना जात नाही. पेपर घेतो तो तुमच्या चित्रासाठी. रोज सकाळी दुकान उघडलं की हा माणूस माझ्यासमोर. काखेत थर्मास, डोळ्यांवर झोप. घरातल्यासारखाच झालाय आता. त्या दुसऱ्या पक्षाचे पाच वर्षं होते, त्यांचं तोंड आठवतंय का तुम्हाला? मला नाही आठवत. मग माणूस मत कुणाला देणार? ओळखीच्याला."

"त्यांच्याच वेळी पाण्याचं प्रकरण झालं होतं. तुमच्या गल्लीतली माणसं आजारी पडली होती."

"पडली होती ना. माझी आई पंधरा दिवस दवाखान्यात होती." सलूनवाल्याने वस्तरा पुसला आणि त्याच्या टोकाने आरशाच्या डाव्या कोपऱ्यातलं एक पिवळं कात्रण दाखवलं. "हे तुमचं चित्र आलं, ते मी तिला नेऊन दाखवलं. हाताला सलाईन लावलेलं, उठायचं त्राण नाही, पण हसली बघा. म्हणाली, काय पण नग आहे हा. तेव्हापासून तिचा जीव आहे त्यांच्यावर. मतदानाच्या दिवशी तिलाही रिक्षात घालून नेलं."

पावडरीच्या डब्याशेजारी एक नवाकोरा थर्मास उभा होता. निळा, वर पक्षाचं नाव आणि खाली काळ्या रेघांत एक चेहरा. त्या रेघा त्याला लांबूनच ओळखू आल्या. प्रचारात वाटलेत असं तो ऐकून होता, पाहिला आज. कुणीतरी त्याची रेघ बरीच बरी उतरवली होती, फक्त डाव्या कानाचं वळण जरा चुकलं होतं, आणि त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कान चुकलाय. दुसरं काही सुचायच्या आत सलूनवाल्याने गार पाण्याचा हबका मारला आणि टॉवेल तोंडावर दाबला. त्या ओलसर अंधारात तो गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ राहिला.

बाहेर रस्ता नेहमीसारखा होता, आणि त्यानेच तो जास्त दमला. काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं. दुकानदार शटर वर ढकलत होते, एक बाई पायरी धूत होती, बसथांब्यावर लोक पेपर उलगडून उभे होते. पाच वर्षांपूर्वी हा पक्ष पडला, तेव्हा याच रस्त्यावर अनोळखी माणसांनी थांबवून त्याचा हात हातात घेतला होता. तुम्ही पाडलंत त्यांना, असं म्हणाले होते. एका सभागृहात सत्कार झाला, तिथल्या वक्त्याने तर सांगितलं की हजार भाषणांनी झालं नाही ते या एका थर्मासने केलं. तो वरवर नको नको म्हणत राहिला, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला ते खरं वाटलं होतं. किती वाटलं होतं हे आज, बसथांब्यापाशी, त्याला नेमकं कळलं. दात काढल्यावर जीभ जिथे जाते तिथे खड्डा किती मोठा आहे ते कळतं, तसं. थर्मासने पाडलं असेल तर थर्मासनेच आणलं. दोन्हीतलं एकच धरायचं म्हटलं तर कुठलं धरायचं, आणि दोन्ही सोडायचं म्हटलं तर मग सोळा वर्षं तो रोज दुपारी तीन ते पाच काय करत होता.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. त्याचं टेबल खिडकीशी, उतरतं, डाव्या हाताला शाईची बाटली, टाक, जुन्या बनियनचा फडका. संपादक त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. उपसंपादक म्हणून लागला तेव्हा याच टेबलाभोवती घोटाळायचा. आज तो रात्रभर जागलेला होता आणि खुशीत होता. निकालाचा अंक दुप्पट खपला होता.

"सर, आज पहिल्या पानावर. चार कॉलम देतो तुम्हाला," तो म्हणाला. "थर्मास परत आला. लोक वाटच बघतायत. मी तर म्हणतो, थर्मासमधून वाफ येतेय आणि त्या वाफेत खुर्ची. बघा, म्हणजे सुचवतोय फक्त."

"बघतो."

"पाचच्या आत द्या. आणि सर, कडक होऊ द्या. आपण काही कुणाला घाबरत नाही."

ते खरं होतं. घाबरायचं काही कारणच नव्हतं. त्याच्या एकाही चित्रावर त्या पक्षातून कधी तक्रार आली नव्हती. सुरुवातीला त्याला याचा अभिमान वाटायचा, यांची बोलतीच बंद केली म्हणून. मग थोडं कोडं वाटायला लागलं. मग त्याने तो विचार करायचं सोडून दिलं. सभेत तो माणूस स्वतःच म्हणायचा, आमचे चित्रकार मला झोपाळू काढतात, पण मी झोपतो एका डोळ्याने. आणि लोक पोट धरून हसायचे.

त्याने कागद लावला. आज वाफ नाही, खुर्ची नाही, थर्मास नाही, असं त्याने ठरवलं. आज नुसता तो माणूस काढायचा. आहे तसा. त्याने कालच्या विजयाचा फोटो मागवून घेतला आणि समोर टाचला. बराच वेळ त्याला काही दिसेना. हात आपोआप कानाकडे जायचा आणि सूप व्हायचं. त्याने तीन कागद फाडले. चौथ्या वेळी त्याने आधी नाक काढलं, ज्या नाकाकडे त्याने आजवर लक्षच दिलं नव्हतं. सरळ, पातळ, थोडं सुबकच. मग ओठ. ओठ घट्ट होते. डोळे पेंगुळलेले नव्हतेच. पापण्या जड होत्या एवढंच, त्यांच्याखाली बुबुळं पूर्ण जागी आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाची तरी नोंद घेत असलेली. हा माणूस त्याने कधी पाहिलाच नव्हता. सोळा वर्षं त्याच्या तोंडाकडे बघून तो दुसऱ्याच कुणाला तरी काढत होता, एका गमतीदार काकाला, ज्याचा कुणाला राग येऊ शकत नव्हता. चार वाजेपर्यंत चेहरा पूर्ण झाला तेव्हा त्याला स्वतःलाच तो कागद जवळ ठेवून बसवेना.

संपादकाने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"चांगलंय," तो म्हणाला. "हा कोण?"

"तोच."

"नाही हो सर." त्याने पुन्हा पाहिलं. "वाटत नाही. लोकांना कळणार नाही. आणि यात आहे काय? म्हणजे गंमत कुठाय?"

"गंमत नाहीये."

संपादक वाईट माणूस नव्हता. त्याने कागद हळूच टेबलावर ठेवला, जसं आजारी माणसाचं पांघरूण नीट करावं तसा त्याचा कोपरा सरळ केला. "सर, थकलायत तुम्ही. आपण सगळेच थकलोय. पण वाचकाने सकाळी उठून हे तोंड बघायचं का? तुम्हीच सांगा."

साडेचारला त्याने तो चेहरा पालथा घातला आणि नवीन कागदावर वीस मिनिटांत कान काढले, पोट काढलं, थर्मास काढला, वाफ काढली, वाफेत खुर्ची. शाई वाळायच्या आधीच टेबलाभोवती चारजण जमले आणि हसले. त्यांचं हसणं ऐकून त्याच्या अंगात नेहमीसारखी ऊबही आली. ती आली याचंच त्याला नवल वाटलं.

तो फडक्याला टाक पुसत होता तेव्हा फोन आला. आवाज मऊ, अदबीचा. निवडून आलेल्या साहेबांच्या सचिवाचा होता.

"आधी अभिनंदन तुमचंच करायला हवं," सचिव म्हणाले. "साहेब सकाळी म्हणालेसुद्धा, अर्धं श्रेय आमच्या चित्रकारांचं. एक विनंती होती. नवीन कार्यालयात साहेबांच्या खुर्चीमागे भिंत आहे, तिथे तुमचं एक मूळ चित्र लावायचंय त्यांना. पहिला थर्मास. ते पाण्याचं चित्र. साहेब म्हणतात, लोकांनी मला ओळखलं ते त्या चित्रानं. आहे ना तुमच्याकडे?"

"बघावं लागेल."

"असेलच. तुम्ही काही टाकणारे नाही. उद्या सकाळी नऊला आमचा माणूस येईल घरी. पत्ता आहे आमच्याकडे."

फोन ठेवल्यावर तो त्या शेवटच्या वाक्यापाशी बसून राहिला. ते अगदी साधं वाक्य होतं. पत्ता असतोच लोकांकडे. नऊ वर्षांपूर्वीही होता.

नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, नेहमीसारखा जेवायला आला होता. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तो काम करायचा, एकतीस वर्षांचा, सडाफटिंग, बहिणीच्या हातचं जेवायला आठवड्यातून दोनदा यायचा आणि जेवताना नळाच्या पाण्यावर विनोद करायचा. त्या दिवशी त्याने विनोद केला नाही. नव्या पाणीयोजनेचं उद्घाटन झालं होतं, साहेबांनी व्यासपीठावरून पाणी शंभर टक्के शुद्ध असल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच आठवड्यात खालच्या वस्त्यांत माणसं उलट्या-जुलाबाने आडवी पडायला लागली होती. "भावोजी, जंतूंचं प्रमाण दहाच्या वर गेलं तर पाणी बंद करायचं असतं," तो ताटात बघत म्हणाला होता. "एकशे ऐंशी आलंय. आमच्या लॅबच्या साहेबांना रिपोर्ट दिला, तर ते म्हणाले, कपाटात ठेव. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे." मग त्याने मान वर करून सांगितलं होतं, "हे कुठे बोलू नका हां." आणि व्यंगचित्रकार कुठेच बोलला नव्हता. चित्र काढलं होतं. व्यासपीठावर साहेब, एका हाताने लोकांना नळाच्या पाण्याचा पेला देतायत, दुसऱ्या हाताने काखेतला थर्मास घट्ट धरून स्वतः त्यातलं पितायत. झकास जमलं होतं. फक्त पेला रिकामा रिकामा वाटत होता. पाणी काढलं तर नुसती काच दिसायची, किडे काढले तर पोरकट वाटायचं. तेव्हा त्याने, निव्वळ ती जागा भरण्यासाठी, पेल्यावर बारीक अक्षरात १८० लिहिलं. मापाचा पेला असतो तसं. हात उचलल्यावर चित्र एकदम तोललं गेलं. त्याला ते आठवत होतं, ते तोलणं, ते समाधान. तो आकडा शहरात चार माणसांना माहीत होता हे त्याला तेव्हा आठवलंच नाही असं तो स्वतःला सांगत आला होता; पण आठवलं होतं. एक क्षणभर आठवलं होतं, आणि चित्र छान दिसत होतं.

लोक हसले. त्या सकाळी पाणी खात्याच्या कचेरीसमोर दोन-तीन हजार माणूस गोळा व्हायचा होता. बातमीदार सांगत होता की दगड जमवलेत. दुपारी तिथे लोक पेपरातलं चित्र एकमेकांना दाखवत होते, कुणीतरी थर्मास आणून त्यातला चहा वाटला, खूप हशा झाला आणि संध्याकाळी सगळे घरी गेले. चौथ्या दिवशी, मेहुणा जेवायला आला असताना, त्याला याच घरातून घेऊन गेले. अकरा दिवस तो कुठे होता ते कळलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो जिन्यात बसलेला सापडला, त्याच कपड्यांत, चष्म्याशिवाय. "भूक नाही," एवढंच बोलला. नोकरी गेल्याचं पत्र नंतर आलं. तेव्हापासून तो त्यांच्याकडेच होता, आतल्या खोलीत. वेडाबिडा नव्हता झाला. शब्दकोडी सोडवायचा, इस्त्री करायचा, रोज सकाळी पाणी दोनदा उकळून बाटल्यांत भरायचा आणि प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावायचा, प्रयोगशाळेतल्या सुबक अक्षरात. फक्त दाराबाहेर जात नव्हता. आणि आकड्याबद्दल कधी बोलला नव्हता. नऊ वर्षांत एकदाही नाही. कितीतरी संध्याकाळी त्याच्यासमोर बसून व्यंगचित्रकाराने जीभ सैल करायचा प्रयत्न केला होता आणि दरवेळी तोंडून निघालं होतं, चहा घेणार का.

घरी पोचला तेव्हा बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. आतून इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. त्याने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात फोनचं सांगितलं. ती चिरत राहिली.

"मी नाही म्हणून कळवणार आहे," तो म्हणाला. "हरवलं म्हणून सांगतो."

"का?"

"का म्हणजे? ते चित्र त्याच्या भिंतीवर?"

"कुणाच्या तरी भिंतीवरच जायचं असतं ना चित्रानं." तिने सुरी बाजूला ठेवली आणि हात पदराला पुसले. "अहो, तुम्ही मोकळे आहात नाही म्हणायला. तुम्हाला काय करणार आहेत ते? तुमच्यावर प्रेम आहे त्यांचं. पण नाही म्हटलं की माणूस विचारतो, का नाही. मग त्या चित्रात एवढं काय आहे ते बघतात. मग घरात कोण कोण असतं ते बघतात. मला ते बघायला नकोयत. देऊन टाका."

"तुला चालेल?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मला न चालणारं जे होतं ते होऊन गेलं," ती म्हणाली. "त्या दिवशी लोक चित्र बघून हसत होते, मी खिडकीतून ऐकत होते. हाही हसला होता, तुम्हाला माहितीये? सकाळी पेपर घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ताई, भावोजींनी कमाल केलीय. मग त्याचं बोट त्या पेल्यावर गेलं आणि तो एकदम गप्प झाला. पेपर घडी करून ठेवला. ऑफिसला गेला नेहमीसारखा. तीन दिवस जात होता, काही न बोलता. मी तुम्हाला सांगू नये म्हणून मला शपथ घातली होती."

हे त्याला माहीत नव्हतं. नऊ वर्षं त्याने गृहीत धरलं होतं की मेहुण्याला कधी समजलंच नसेल, किंवा तिथे, त्या अकरा दिवसांत, कुणीतरी सांगितलं असेल. तीन दिवस तो माणूस सगळं समजून कामावर जात होता, याच घरी जेवायला येत होता. मधल्या एका संध्याकाळी आलाही होता, आणि त्याने चित्र छान झालंय म्हटलं होतं. व्यंगचित्रकाराने तेव्हा, हो का, म्हणून आणखी भात वाढून घेतला होता. त्याला आता त्या भाताची चव आठवायला लागली आणि तो ओट्याला टेकून उभा राहिला. बायकोने स्टूल ओढलं, कपाटावरचा मोठा पुठ्ठ्याचा खोका स्वतः खाली काढला, धूळ पुसली. वरून सातवंच चित्र होतं. कागद जरा पिवळा पडला होता, शाई मात्र कालची वाटत होती.

दिवे लागले तेव्हा तो ते टेबलावर घेऊन बसला. आकडा तरी झाकून टाकू, असं त्याच्या मनात आलं. पांढरा रंग, बारीक ब्रश, दोन मिनिटांचं काम. त्या भिंतीवर, त्या खुर्चीमागे तो आकडा तरी नको. त्याने बुडवलेला ब्रश बाटलीच्या काठाला निथळला आणि पेल्यावर धरला, तेव्हा मागे कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटलं. मेहुणा होता, हातात इस्त्री केलेल्या शर्टांची चळत.

"भावोजी, राहू द्या," तो म्हणाला. "बरोबर होता तो आकडा."

ब्रशाच्या टोकाचा थेंब खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडला.

"मी तीनदा मोजला होता," मेहुणा म्हणाला. "तीन नमुने वेगळे, तिन्ही वेळा तेवढाच. एकानेही सांगितलं नाही की चुकीचा आहे. तिथेही नाही. तिथे फक्त विचारायचे, कुणाला सांगितलास." तो किंचित वाकला आणि चित्राकडे नीट बघायला लागला, चष्मा वर करून. "थर्मास मस्त आहे. बुचावरचा तो पोचा पण काढलाय तुम्ही. आले का ते परत?"

"हो. काल."

"पाणी खातं कुणाकडे जाईल?"

"अजून ठरलं नाही."

मेहुण्याने मान हलवली, जसं एखाद्याने गाडीची वेळ विचारावी आणि ती कळल्यावर हलवावी तशी. आता बोलायला हवं होतं. हीच जागा होती, याहून उघडं दार पुन्हा मिळणार नव्हतं. त्याने खुर्ची वळवली. समोर चाळीस वर्षांचा एक माणूस उभा होता, कानशिलं पांढरी, हातात दुसऱ्यांचे कपडे, आणि त्या चेहऱ्यावर कुठेही अशी जागा नव्हती जिथे माफीचा शब्द ठेवता येईल. तो ठेवला असता तर यानेच तो वाकून उचलून, घडी करून, कपाटात नेऊन ठेवला असता. दुपारी काढलेल्या चेहऱ्याइतकाच हाही चेहरा त्याने कधी नीट पाहिला नव्हता. "तू तेव्हा..." तो म्हणाला आणि थांबला.

"तुमचा निळा शर्ट कॉलरला विरलाय," मेहुणा म्हणाला. "उद्या कुणी यायचं असेल तर पांढरा घाला." आणि शर्ट पलंगावर ठेवून तो आत गेला.

सकाळी नऊला पाच मिनिटं असताना बेल वाजली. आलेला माणूस पन्नाशीचा, नीटनेटका, हातात चित्र ठेवायला कापडाची मोठी सपाट पिशवी. बसायलाही तयार नव्हता. खाली गाडी उभी आहे म्हणाला. बायकोने चित्र पातळ कागदात गुंडाळून ठेवलं होतं. त्याने परवानगी मागून ते उलगडलं आणि मनापासून हसला, खांदे हलेपर्यंत.

"नाही, हे म्हणजे हेच," तो म्हणाला. "आमच्या घरी तेव्हा फ्रिजवर लावलं होतं. बायको अजून मला ऑफिसला जाताना विचारते, थर्मास घेतला का. बरं, हा पेल्यावर आकडा कसला हो? कधी लक्षात नव्हता आला."

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"काही नाही," व्यंगचित्रकार म्हणाला. "माप आहे."

"असं होय. केवढा बारकावा." त्याने खिशातून पेन काढलं. "एक ओळ लिहून द्याल का खाली? साहेबांना सप्रेम, असं काहीतरी. सचिवांनी आवर्जून सांगितलंय."

त्याने लिहिलं. इतक्या वर्षांचा सराव होता, अक्षर चांगलं आलं. त्या माणसाने शाईवर फुंकर घातली, चित्र पिशवीत सरकवलं, आणि तेव्हाच आतल्या खोलीचं दार उघडलं.

मेहुण्याने दाढी केली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. नऊ वर्षं न वापरलेले बूट, पण पॉलिश केलेले. हातात छोटी प्रवासी बॅग. त्याने बॅगेची चेन एकदा तपासली आणि त्या माणसाला म्हणाला, "चला."

तो माणूस गोंधळून हसला. "आपण कुठे निघालात का? गाडीत जागा आहे, सोडू का कुठे?"

"तुम्ही न्याल तिथे," मेहुणा म्हणाला. आवाजात भीती नव्हती, ताठाही नव्हता. "चष्मा दुसरा घेतलाय. गोळ्या घेतल्यात. या वेळी वेळ लागला तरी चालेल."

"अरे, ते चित्र न्यायला आलेत," बायको पुढे आली आणि तिने त्याचा दंड धरला. "चित्र. बघ, घेतलं त्यांनी. झालं."

"ताई, मागच्या वेळी दोन सह्या हव्यात म्हणून आले होते." त्याने तिचा हात हळूच सोडवला. "तूच त्यांना पाणी दिलं होतंस."

त्या माणसाने दोघांकडे, मग व्यंगचित्रकाराकडे पाहिलं. काहीतरी घरगुती आहे, आपण मध्ये पडू नये, अशा समजुतीने तो मागे सरकला. "बराय, येतो मी," तो म्हणाला. "साहेबांना फार आनंद होईल." त्याची पावलं जिना उतरत गेली. एक मजला, मग दुसरा. खाली गाडीचं दार लागलं, गाडी सुरू झाली, कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला आणि मग काही नाही.

मेहुणा दारात उभा होता. बायकोने बॅगेला हात घातला, त्याने ती दिली नाही. मग तिने खुर्ची आणून दाराशी ठेवली आणि तो तिच्यावर बसला, बॅग मांडीवर घेऊन. तिने चहा आणला तो त्याने एका हाताने घेतला. व्यंगचित्रकार दार लावायला पुढे झाला.

"लावू नका, भावोजी," मेहुणा म्हणाला. "त्यांना पुन्हा बेल वाजवावी लागेल."

त्याने दार तसंच ठेवलं. फोन वाजत होता. संपादक होता, वाफेतली खुर्ची फार गाजतेय म्हणाला, फोनवर फोन येतायत, परवा शपथविधी आहे, त्याचंही तीनपर्यंत देऊन टाका. तो हो म्हणाला. बायको स्वयंपाकघरात गेली होती आणि तिथून कसलाही आवाज येत नव्हता. त्याने टेबलावरचं पांढऱ्या रंगाचा डाग पडलेलं वर्तमानपत्र उचललं, नवीन कागद लावला आणि टाक बुडवला. जिन्यात पावलं वाजली. मेहुण्याने कप खाली ठेवला आणि बॅग घेऊन अर्धा उठला. वरच्या मजल्यावरचे शेजारी होते, हातात पेपर. दार उघडं बघून त्यांनी आत डोकावलं आणि बसलेल्यालाही, काढणाऱ्यालाही उद्देशून ते हसत म्हणाले, "आजचं झकास होतं बरं का," आणि वर निघून गेले. मेहुणा पुन्हा खाली बसला.